यंत्राचं किती, वहिवाटीचं किती

इंटेलच्या प्रोसेसरवर चालणाऱ्या लिनक्समध्ये कर्नलकडून ११ हा एररकोड आला, तर त्याचा अर्थ ‘आत्ता जमत नाही, पुन्हा विचार’ असा असतो. ३५ आला, तर लॉकची अशी गाठ पडतेय की दोघंही कायमचे अडकून बसतील. डेक कंपनीच्या अल्फा प्रोसेसरवर हेच दोन आकडे बरोबर उलटे आहेत. तिथे ३५ म्हणजे ‘पुन्हा विचार’ आणि ११ म्हणजे डेडलॉक. याचं कारण अल्फाच्या चिपमध्ये शोधायला गेलात, तर हाती काही लागणार नाही, कारण प्रोसेसरला एररकोडशी काही देणंघेणंच नसतं. अल्फावर लिनक्स नेलं, तेव्हा तिथे ओएसएफ/१ नावाचं युनिक्स आधीपासून नांदत होतं. त्याच्यासाठी बनवलेले प्रोग्राम लिनक्सवरही चालावेत म्हणून आकडेही त्याचेच घेतले, आणि ते आकडे मुळात बीएसडीच्या घराण्यातले. ज्या फाइलीत ते लिहिले आहेत, ती मात्र आजही ‘आर्किटेक्चर’च्या फोल्डरात, पेज टेबल आणि इंटरप्टच्या फाइलींच्या शेजारी बसलेली आहे.

हे पुस्तक अशा फाइलींबद्दल आहे. कर्नलमधल्या आर्किटेक्चरनिहाय हेडर फाइली, त्यांत गेल्या तीसेक वर्षांत साचलेला पसारा आणि तो आवरण्याचे प्रयत्न, एवढाच त्याचा विषय. ऐकायला हे काम रुक्ष वाटतं. कर्नलवर काम करणाऱ्यांतही पुष्कळांना ते झाडलोटीचं काम वाटतं आणि नवख्याला ‘सुरुवात म्हणून’ देऊन टाकतात. मला ते पटत नाही. कर्नलच्या रचनेत खरोखर यंत्राचं असं किती आहे, हा प्रश्न इतक्या थेटपणे दुसरीकडे कुठेच विचारावा लागत नाही.

नव्या वाचकासाठी थोडी जमीन तयार करतो. लिनक्स कर्नलचा बहुतेक कोड सी भाषेत आहे. फाइल सिस्टिम, नेटवर्क, शेड्युलर यांचा कोड कुठल्याही मशीनसाठी तोच असतो, पण त्याला मधूनमधून मशीनची गरज लागते: इंटरप्ट बंद कर, पेज किती बाइटचं ते सांग, या व्हेरिएबलमध्ये कोणाला मध्ये न येऊ देता एक मिळव. अशा वेळी सामायिक कोड ‘एएसएम/पेज.एच’सारखी फाइल इन्क्लूड करतो. हे नाव सगळीकडे एकच असतं. ‘एएसएम’ म्हणजे नेमका कुठला फोल्डर, हे बिल्ड करताना ठरतं. एक्स८६साठी बिल्ड केलंत तर एक फाइल मिळते, आर्मसाठी केलंत तर दुसरी. ही व्यवस्था साधी आणि हुशार आहे, आणि सगळी भानगडही इथेच सुरू होते. त्या फोल्डरात फाइल ठेवली की ‘हा फरक यंत्राचा आहे’ असा दावा आपोआप होऊन जातो. तो दावा खरा आहे का, हे तपासणारं तिथे कोणी नसतं.

तपासायला बसलं की तीन प्रकारचे फरक सापडतात. पहिला खरोखर हार्डवेअरचा. एक्स८६वर पेज ४०९६ बाइटचं आणि अल्फावर ८१९२चं, हे चिपने ठरवलेलं आहे. दुसरा वचनाचा. कर्नलने बाहेरच्या प्रोग्रामांना दिलेले आकडे आणि मांडण्या आता बदलता येत नाहीत, कारण बदलल्या तर लोकांचे जुने प्रोग्राम मोडतील. ‘राइट’ या सिस्टिम कॉलचा नंबर ३२ बिटी एक्स८६वर ४, ६४ बिटीवर १ आणि आर्म६४ व रिस्क-फाइव्हवर ६४ आहे. आयऑक्टलच्या आकड्यात माहितीची दिशा सांगायला एक्स८६वर २ बिट असतात, पॉवरपीसी, मिप्स आणि अल्फावर ३. यातलं काहीच प्रोसेसरने मागितलेलं नव्हतं, पण शब्द दिला तो दिला. तिसरा प्रकार निव्वळ नकलेचा. नवं पोर्ट सुरू करताना कोणीतरी शेजारच्या आर्किटेक्चरचा फोल्डर उचलून चिकटवला, चाललं, आणि मग ते तसंच राहिलं.

या तिघांवर चिठ्ठ्या लावलेल्या नसतात. पहिल्या प्रकाराला हात लावलात तर मशीन बसतं, दुसऱ्याला लावलात तर वापरणाऱ्याचा प्रोग्राम मोडतो, आणि तिसरा काढून टाकायलाच हवा. शिवाय नक्कल पुरेशी जुनी झाली आणि तिच्यावर एखादा प्रोग्राम विसंबला, की तिचं वचन होऊन जातं. सातबाऱ्यावर एखादं नाव कोणी चढवलं हे गावात कोणाला आठवत नाही, पण ते कमी करायला निघालं की हरकत घेणारा हजर होतो, तसलाच हा प्रकार. सफाईचं खरं कौशल्य पुसण्यापेक्षा कुठला फरक कुठल्या जातीचा, हे ओळखण्यात आहे. या पुस्तकाची सगळी मांडणी त्या ओळखीभोवती आहे.

हा प्रश्न लिनक्सपेक्षा जुना आहे. युनिक्स पीडीपी-११वर वाढलं, आणि सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची आणि स्टीव्ह जॉन्सन यांनी ते इंटरडेटा ८/३२ या अगदी वेगळ्या मशीनवर नेलं. तेव्हा प्रथमच ओळ न् ओळ चाळून मशीनचं बाजूला काढावं लागलं. त्यानंतर या कामाची वेगवेगळी घराणी झाली. १९९३ साली आलेल्या विंडोज एनटीने हार्डवेअरशी बोलण्याचा एक वेगळा थरच बांधला आणि तो वेगळ्या बायनरी फाइलीत ठेवला. त्याच वर्षी सुरू झालेल्या नेटबीएसडीने यंत्राधीन आणि यंत्रनिरपेक्ष असे दोन कप्पे करून त्यांच्यामधला करार आधी नीट लिहायचा, अशी शिस्त घातली. बसवरच्या रजिस्टरांपर्यंत कसं पोचायचं याचा त्यांचा इंटरफेस मला आजही देखणा वाटतो. प्लॅन ९च्या मंडळींनी आणखी टोकाची भूमिका घेतली: हेडरने दुसरी हेडर इन्क्लूड करायचीच नाही, ज्याला जे हवं त्याने ते स्वतः मागावं. त्यांच्यातल्या रॉब पाइकने हा सल्ला १९८९ मध्येच लिहून ठेवला होता. तो लिनक्सने कधी पाळला नाही आणि त्याची किंमत अजून फेडतो आहे.

लिनक्सचं घराणं म्हणजे आधी पोर्ट करा, एकसारखेपणा नंतर बघू. १९९१च्या ०.०१ आवृत्तीत एएसएम फोल्डरात चारच फाइली होत्या, आणि सगळ्या ३८६च्या. दुसरं मशीनच नव्हतं, त्यामुळे सीमा आखायचा प्रश्न नव्हता. मार्च १९९५च्या १.२ आवृत्तीत अल्फा, स्पार्क आणि मिप्स आले. तेव्हा प्रत्येकासाठी आय३८६चा फोल्डर समोर ठेवून नवा फोल्डर झाला, आणि बिल्डच्या वेळी ‘एएसएम’ नावाची सिमलिंक हव्या त्या फोल्डरकडे वळवायची अशी रीत पडली. पुढच्या दशकात आर्किटेक्चरं वीसच्या वर गेली. एकच तीस ओळींची फाइल वीस ठिकाणी, आणि तिच्यातली चूक दुरुस्त झाली तर त्यातल्या पाच-सहा ठिकाणी.

आवराआवर हप्त्याहप्त्याने झाली. आधी जुळ्या भावंडांची घरं एक झाली. ३२ आणि ६४ बिटी पॉवरपीसी २.६.१५ पासून एका छताखाली येऊ लागले, आणि जानेवारी २००८च्या २.६.२४ मध्ये थॉमस ग्लेक्सनर आणि इंगो मोल्नार यांनी आय३८६ आणि एक्स८६-६४ एकत्र केले. त्यांची पद्धत शिकण्यासारखी आहे. पहिल्या पायरीला फाइली फक्त हलवल्या. एकाच्या नावापुढे ३२, दुसऱ्याच्या नावापुढे ६४ आणि मध्ये निवड करणारी एक छोटी फाइल. अर्थात ढवळाढवळ नाही. शेजारी शेजारी ठेवल्यावर कुठली जोडी खरंच वेगळी आणि कुठली नुसती वेगळी टाइप केलेली, हे दिसू लागलं, आणि मग एकेक जोडी मिटवत नेली. २००८ मध्येच हेडर फाइली सामायिक फोल्डरातून आपापल्या आर्किटेक्चरच्या घरात जायला लागल्या. २००९ मध्ये आर्न्ड बर्गमन यांनी ‘एएसएम-जेनेरिक’ हा फोल्डर नव्या पोर्टला थेट वापरता येईल असा केला. तोवर तो उरल्यासुरल्याचा डबा होता. आता नव्या आर्किटेक्चरला ‘मला या फाइलीत वेगळं काही म्हणायचं नाही’ एवढं एका ओळीत सांगता येतं, आणि बिल्डची यंत्रणा जेनेरिक फाइलीकडे बोट दाखवणारी एका ओळीची फाइल स्वतः तयार करते. २०१२च्या ३.७ मध्ये डेव्हिड हॉवेल्स यांनी वचनाच्या ओळी वेगळ्या काढून ‘युएपीआय’ नावाच्या फोल्डरांत नेल्या. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत शहाणा फेरफार हाच. ‘इथे हात लावताना बाहेरच्या जगाचा विचार कर’ ही सूचना त्याने थेट पत्त्यातच लिहून ठेवली.

एका फाइलीचा प्रवास जवळून बघण्याजोगा आहे. ‘सिस्टिम.एच’ ही ०.०१ मधल्या त्या चार फाइलींपैकी एक. तेव्हा तिच्यात इंटरप्ट चालू-बंद करणं, युजर मोडमध्ये उडी मारणं, ३८६च्या डिस्क्रिप्टर टेबलात नोंदी करणं, असं निवडक सामान होतं. पण ‘सिस्टिम’ या नावाच्या फाइलीत काय बसत नाही? पुढे तिच्यात एका टास्कवरून दुसऱ्यावर जाण्याचा कोड आला, मेमरी बॅरिअर आले, अविभाज्य अदलाबदलीची फंक्शनं आली, आणि ज्याला दुसरीकडे जागा नव्हती ते सगळं आलं. परिणाम असा की कोणाला एक साधा बॅरिअर हवा असला, तरी अख्खी ‘सिस्टिम.एच’ ओढून आणावी लागे. तिच्याबरोबर तिने इन्क्लूड केलेल्या फाइली येत, आणि त्यांतली एखादी फिरून पहिल्याच फाइलीकडे बघत असे. अशा चक्रात अडकलेला माणूस इनलाइन फंक्शनाचा मॅक्रो करून सुटका करून घेतो, कारण मॅक्रो वापरेपर्यंत उलगडत नाही. कर्नलमधले कितीतरी कुरूप मॅक्रो अशा अडचणीतून जन्मले आहेत. २०१२च्या ३.४ आवृत्तीत हॉवेल्स यांनीच ही फाइल प्रत्येक आर्किटेक्चरमध्ये फोडली. बॅरिअर एका फाइलीत, टास्क बदलणं दुसऱ्या, अदलाबदल तिसऱ्या, आणि ‘सिस्टिम.एच’ गेली.

आर्मची कथा वेगळी, आणि तिची झळ हार्डवेअर बनवणाऱ्यांना थेट लागली. तिथे आर्किटेक्चर एक, पण त्याच्या पोटात प्रत्येक चिपची ‘मॅक’ नावाची वेगळी शाखा, आणि प्रत्येक शाखेत ‘मॅक/आयआरक्यूज.एच’, ‘मॅक/मेमरी.एच’ अशा त्याच नावाच्या फाइली. एका चिपवर रॅम अमुक पत्त्यापासून सुरू होते, दुसरीवर तमुक, आणि तो पत्ता हेडरमध्ये स्थिरांक म्हणून लिहिलेला. बिल्डमध्ये ‘मॅक’ या नावाचा अर्थ एकाच फोल्डराला देता येतो, म्हणून एक कर्नल एकाच चिपच्या कुळाला पुरायचा. एक्स८६वर एकच सीडी कुठल्याही पीसीवर चालते, हे आपण गृहीत धरतो. आर्मवर ते अशक्य होतं, आणि अडवणाऱ्यांत या हेडर फाइली पुढे होत्या. २०११ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी आर्मच्या या गोंधळावर उघड नाराजी व्यक्त केली. त्यानंतर आर्मच्या चिपांसाठीचे बदल एका वाटेने आणणारी वेगळी शाखा उभी राहिली, आणि हार्डवेअरची माहिती डिव्हाइस ट्रीमध्ये जाऊ लागली. रॅमच्या पत्त्यावरचा उपाय तर झकास आहे. कर्नल बूट होताना पत्ता शोधतो आणि स्वतःच्याच मशीन कोडमधल्या संबंधित सूचना जागच्या जागी दुरुस्त करतो. २०१२ अखेरच्या ३.७ मध्ये एकच आर्म कर्नल अनेक कुळांतल्या चिपांवर चालू लागला.

सफाईची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण उत्साही लोक तिथेच घसरतात. जेनेरिक फाइल म्हणजे सगळ्यांना चालेल असा डीफॉल्ट. पण मेमरी बॅरिअरच्या जेनेरिक फाइलीत सर्वसाधारण बॅरिअरचा डीफॉल्ट फक्त कंपाइलरला उद्देशून आहे. त्याने कंपाइलर ओळींचा क्रम बदलत नाही, पण प्रोसेसरकडे एकही सूचना जात नाही. लेखनाचा क्रम काटेकोर पाळणाऱ्या साध्या मशीनवर तेवढं पुरतं. क्रम सैल असलेल्या बहुकोअर मशीनच्या पोर्टने तोच डीफॉल्ट घेतला, तर काय होतं? कंपाइल स्वच्छ होतं, बूट होतं, दिवसभर चालतं. मग नेटवर्क ड्रायव्हर डिस्क्रिप्टर भरतो आणि ‘आता तुझं’ असा झेंडा लावतो. कार्डाला झेंडा आधी दिसतो आणि डिस्क्रिप्टर अजून जुनाच असतो. हजारातून एखादं पॅकेट खराब जातं, आणि दोष शोधणारा महिनाभर ड्रायव्हरच चाळत बसतो. इथे बिल्डच मोडलं असतं तर उपकार झाले असते. डीफॉल्टने वेग गेला तर चालेल, बरोबरपणा जाता कामा नये, एवढं पथ्य मी स्वतः पाळतो, आणि या पुस्तकातल्या लेखकांनीही जवळजवळ सगळीकडे पाळलं आहे.

सफाईत न दिसणारी नातीही तुटतात. २०१० मध्ये तेजुन हिओ यांना ‘परसीपीयू.एच’मधून ‘स्लॅब.एच’ ही एक इन्क्लूड काढायची होती. त्या ओळीच्या आडून हजारो फाइलींना स्लॅबची फंक्शनं फुकट मिळत होती, आणि त्यांच्या लेखकांना हे माहीतही नव्हतं. एक ओळ काढण्यासाठी स्क्रिप्ट लिहून त्या सगळ्या फाइलींमध्ये आधी खरी मागणी नोंदवावी लागली, आणि अनेक आर्किटेक्चरांसाठी बिल्ड करून बघावं लागलं. तुमच्या टेबलावरच्या लॅपटॉपवर बिल्ड झालं म्हणजे झालं, असं या क्षेत्रात कधीच नसतं.

मग हा विषय आत्ताच का? एक कारण नव्या आर्किटेक्चरांचं. रिस्क-फाइव्ह जानेवारी २०१८च्या ४.१५ मध्ये आलं, चीनचं लूंगआर्च २०२२च्या ५.१९ मध्ये. आपल्याकडे आयआयटी मद्रासचे शक्ती आणि सी-डॅकचे व्हेगा हे प्रोसेसरही रिस्क-फाइव्हच्याच वाटेवरचे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकच्या प्रोसेसरवर लिनक्स चालवताना मराठी मुलांनी कर्नलच्या या थरात उतरावं, अशी अपेक्षा आता स्वप्नरंजन राहिलेली नाही. दुसरं कारण निवृत्तीचं. २०१८च्या ४.१७ मध्ये एका फटक्यात आठ आर्किटेक्चरं काढली, आणि आयटेनियम ६.७ मध्ये गेलं. प्रत्येक निरोपानंतर काही जेनेरिक फाइलींतल्या पळवाटा अनाथ होतात आणि त्या वेचाव्या लागतात. २०२४च्या ६.१२ मध्ये ‘अनअलाइन्ड.एच’ ही फाइल अल व्हिरो यांनी ‘एएसएम’मधून उचलून सामायिक फोल्डरात नेली, कारण तिच्यात आर्किटेक्चरचं असं काही उरलंच नव्हतं. तिसरं कारण रस्टचं. रस्टमध्ये लिहिलेला कर्नल कोड सीच्या हेडर फाइली एका साधनाकडून वाचून घेतो. त्या साधनाला इनलाइन फंक्शनं आणि गुंतागुंतीचे मॅक्रो पचत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी हाताने मदतनीस फंक्शनं लिहावी लागतात. ‘सिस्टिम.एच’च्या काळातल्या त्या मॅक्रोंचं बिल असं भलत्याच दारात येतं आहे.

आणि बिल्डचा वेळ. जानेवारी २०२२ मध्ये इंगो मोल्नार यांनी २२००हून अधिक पॅचांचा एक डोंगर समोर ठेवला. हेडर फाइलींची परस्परावलंबनं सोडवली, तर कर्नलचं बिल्ड ५० ते ८० टक्के अधिक वेगाने होतं, असा त्यांचा दावा होता. तो डोंगर एकसंध कर्नलमध्ये गेला नाही, आणि मला त्यात नवल वाटत नाही. एवढे बदल तपासणार कोण? पण मोजमाप मात्र सर्वांसमोर आलं. तोवर ‘हेडर अस्वच्छ आहेत’ ही रसिकांची तक्रार होती. त्यानंतर ती रोज कर्नल बिल्ड करणाऱ्या प्रत्येकाच्या घड्याळातली मिनिटं झाली.

वचनाच्या बाजूला एक चांगली बातमी आहे. २०१९च्या ५.१ मध्ये २०३८ सालाच्या तारखेचा प्रश्न सोडवायला नवे सिस्टिम कॉल आले, तेव्हापासून नव्या कॉलला सर्व आर्किटेक्चरांवर एकच नंबर देण्याची रीत पडली. ‘पिडएफडी सेंड सिग्नल’ सगळीकडे ४२४ आहे, अल्फा सोडून. अल्फावर तो ५३४ आहे.

या पुस्तकाने काय करायचं ठरवलं आहे, ते थोडक्यात सांगतो. आपल्याकडे ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय बहुधा गॅल्विनच्या पुस्तकावरून शिकवला जातो. त्यातून संकल्पना पक्क्या होतात, पण वाढत्या वयाचा कोड कसा दिसतो आणि त्यात हात कसा घालायचा, हे कळत नाही. ती उणीव इथे भरून काढायचा प्रयत्न आहे. लेखकांनी खऱ्या कर्नलमधल्या मोजक्या फाइली निवडल्या, त्यांचा वंशवृक्ष पहिल्या आवृत्तीपर्यंत मागे नेला, आणि प्रत्येक ठिकाणी वर सांगितलेला प्रश्न विचारला: हे यंत्राचं, वचनाचं की वहिवाटीचं? उत्तर जिथे वादाचं आहे तिथे दोन्ही बाजू मांडल्या आहेत, आणि पेज टेबलच्या बाबतीत तर लेखकांचं आपसातही एकमत नाही. ते मतभेद मिटवायचा आग्रह मी धरला नाही. हार्डवेअरची पूर्ण ओळख इथे मिळणार नाही, ड्रायव्हर कसा लिहावा हेही नाही. सी येत असेल आणि एकदा तरी कर्नल स्वतः बिल्ड केला असेल, तर तेवढी तयारी पुरेल. मात्र दोन आर्किटेक्चरांचे क्रॉस-कंपाइलर मशीनवर असू द्या, आणि त्यातलं एक शक्यतो बिग-एंडियन असावं. पुस्तकातला प्रत्येक बदल तुम्ही दोन्हींवर करून बघाल, असं धरूनच तो लिहिला आहे.